पक्षी फुकट, निवारा विकत

वाचवलेल्या कोंबड्या आणि बदकं परसात सांभाळायची तर पहिल्या वर्षी किती पैसे बाजूला ठेवावे लागतात? उमरठ-पोलादपूरच्या पावसातला हिशोब.

बाजारात कोंबडी घेताना माणूस दोनदा भाव करतो. तीच कोंबडी कुणी फुकट देऊ केली की भाव विचारायचा राहून जातो आणि खर्चाचाही विचार मागे पडतो. खरं तर कोंबडीची किंमत हा या सगळ्या खर्चातला सर्वांत लहान आकडा आहे. पैसे जातात ते छपरावर, खाद्यावर आणि अंडी थांबल्यानंतरच्या वर्षांवर. उमरठसारख्या गावात, जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, तिथे पहिला मान छपराचा.

या लेखात आठ पक्ष्यांचा कळप धरला आहे: चार निवृत्त लेअर, दोन गावठी कोंबड्या आणि दोन बदकं. मापं नेहमीच्या वापरातली आहेत. भाव मात्र हिशोबासाठी गोल धरले आहेत. पोलादपूरच्या किंवा महाडच्या दुकानात आज जो भाव असेल तो त्या जागी घाला आणि शेवटचा आकडा आपला आपण काढा.

आधी ओळख: पक्षी आला कुठून?

आपल्या भागात असे पक्षी साधारण चार वाटांनी घरात येतात. वाट कोणती, यावर पुढचा खर्च ठरतो.

पोल्ट्रीतून काढलेली लेअर. ही कोंबडी विसाव्या आठवड्याच्या आसपास अंड्यावर येते आणि साधारण ७२ ते ८० आठवड्यांनंतर पोल्ट्रीवाल्याला परवडेनाशी होते. तोवर तिने पिंजऱ्यातच दिवस काढलेले असतात. तिची चोच लहानपणीच कापलेली असते, म्हणून अंगणात टाकलेला तांदळाचा दाणा तिला दिसतो पण उचलता येत नाही. ती टोच मारते, दाणा बाजूला सरकतो, पुन्हा मारते, आणि शेवटी नुसती उभी राहते. अशा कोंबडीला खोलगट भांड्यात दोन बोटं उंचीचं खाद्य लागतं. दांडीवर चढणंही तिला ठाऊक नसतं आणि हाडं ठिसूळ झालेली असतात, त्यामुळे बसायची दांडी जमिनीपासून फूटभरापेक्षा उंच नको. ती आणखी दोन-तीन वर्षं जगू शकते, पण अंडं अडकणं, आत फुटणं, अंग बाहेर येणं ही दुखणी तिच्या मागे असतात. औषधाचा खर्च तिच्याकडेच जास्त वळतो.

सायकलवाल्याकडची रंगीत पिल्लं. लेअर जातीतल्या नर पिल्लांचा पोल्ट्रीला उपयोग नसतो. तीच रंगवून विकली जातात. मुलांच्या हट्टापायी सहा पिल्लं घेतली आणि सगळी जगली, तर चार-पाच महिन्यांत दारात सहा कोंबडे उभे राहतात. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. बाकीचे एकमेकांना रक्तबंबाळ करतात, पहाटे शेजाऱ्यांची झोप घालवतात आणि खातात मात्र तेवढंच.

टेम्पोतून पडलेला ब्रॉयलर. मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला असा पक्षी सापडतो. त्याची जातच पाच-सहा आठवड्यांत दोन किलो व्हावी म्हणून तयार केलेली. पोटभर खाऊ घातलं तर पाय वजन पेलत नाहीत आणि उन्हाळ्यात हृदय बंद पडतं. त्याला मोजून दोन वेळा खायला द्यावं लागतं. तो वर्षभर काढेलच असं धरून चालू नका.

फार्महाऊसवरचं बदक. हौसेनं आणलेलं, हंगाम सरला की नकोसं झालेलं. बदक आठ-दहा वर्षं आरामात जगतं. आज दहा वर्षांचं मूल ते घरात आणत असेल, तर त्या मुलाच्या बारावीपर्यंत ते अंगणात असणार हे गृहीत धरा.

पाचवी एक वाट आहे, ती मात्र घरात आणू नका. भात लावताना किंवा रानात सापडलेली रानकोंबडीची पिल्लं, पाणथळीत दिसलेली अडई किंवा हळदी-कुंकू बदक हे वन्यपक्षी आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते पाळणं गुन्हा आहे, हेतू दयेचा असला तरी. जखमी पक्षी सापडला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

एकत्र कळप: कोणाला कोणाबरोबर ठेवायचं?

कोंबड्या आणि बदकं दिवसा एका अंगणात सुखानं फिरतात. भांडण होतं ते रात्रीच्या जागेवरून आणि नरांवरून.

बदकाचा नर कोंबडीवर चढायला लागला तर तिला आतून इजा होऊ शकते, कारण त्याची शरीररचना कोंबड्यासारखी नसते. त्याला आपल्या जातीच्या तीन-चार माद्या सोबत नसतील तर तो कोंबड्यांच्या मागे लागतोच. म्हणून दोनच बदकं ठेवायची तर दोन्ही माद्या घ्या. ओळख सोपी आहे: मोठ्यानं क्वॅक-क्वॅक करते ती मादी, नराचा आवाज घोगरा असतो आणि त्याच्या शेपटीवर एक-दोन पिसं वर वळलेली असतात. दोन नर मिळाले असतील तर त्यांचं अंगण वेगळं ठेवा, म्हणजे जाळीचा खर्च जवळजवळ दुप्पट.

नवा पक्षी आला की तो थेट कळपात सोडायचा नाही. महिनाभर वेगळा, शक्य तर घराच्या दुसऱ्या बाजूला. त्याला खाणंपाणी सगळ्यांत शेवटी द्यायचं आणि नंतर हातपाय धुवायचे. यासाठी बुरुडाकडची दोन मोठी डालगी आणि पडवीचा एक कोरडा कोपरा पुरतो. पावसाळ्यात हा कोपरा मिळत नसेल तर जून ते ऑगस्ट नवा पक्षी घेऊच नका.

पक्षी आणताना पाय बांधून उलटा लटकवून आणायचा नाही. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात अशी वाहतूक बसत नाही, आणि पोल्ट्रीतल्या कोंबडीचं हाड त्यात सहज मोडतं. भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका आणि सकाळची गार वेळ, एवढं पुरे.

खुराडं: इथे हात आखडता घेऊ नका

आठ पक्ष्यांसाठी आठ फूट लांब आणि चार फूट रुंद खुराडं धरा. त्यात मधे कूड घालून पाच फूट कोंबड्यांना आणि तीन फूट बदकांना. कोंबड्या दांडीवर झोपतात, बदकं जमिनीवर. एकत्र कोंडलं तर वरच्यांची विष्ठा खालच्यांच्या अंगावर आणि खालच्यांनी सांडलेलं पाणी सगळ्यांच्या पायाखाली. समोर दहा बाय आठ फुटांचं जाळीचं अंगण.

आपल्या पावसासाठी तीन गोष्टी पक्क्या हव्यात. जोतं निदान दीड फूट उंच. छपराची पागोळी भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे. आणि उघडी बाजू पूर्वेला, कारण आषाढातली झड नैर्ऋत्येकडून येते. पश्चिम आणि दक्षिण बाजू बंदच ठेवायच्या. हवा जायला वर, छपराखाली, वीतभर जाळी पुरते. चारही बाजू ताडपत्रीनं घट्ट बंद केल्या तर आत अमोनिया साचतो आणि कोंबड्यांचे डोळे आधी जातात.

जागा निवडताना डोंगर कापून काढलेल्या उभ्या कडेखाली खुराडं बांधू नका. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळीये आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे, साखर-सुतारवाडी इथे दरडी कोसळल्या. तेव्हापासून जोराच्या पावसात घरं रिकामी करायच्या सूचना येतात. घर सोडायची वेळ आली तर पक्ष्यांसाठी वेळ नसतो, आधी माणसं. म्हणून डालगी खुराड्याजवळच टांगलेली असावीत आणि खुराड्याचं दार बाहेरून एका हाताने उघडता यावं.

जाळी अर्ध्या इंचाची, वेल्ड केलेली. षटकोनी स्वस्त जाळी कोंबडी आत ठेवते, पण मुंगूस, रानमांजर आणि कांडेचोर यांना बाहेर ठेवत नाही. खालची फूटभर जाळी जमिनीत पुरा. अंगणाच्या वरून घार आणि शिक्रा येतो. तिथे महाग जाळी नको, मासेमारीचं जुनं जाळं ताणून बांधलं की काम भागतं. अंडी रोज काढा आणि सांडलेलं खाद्य संध्याकाळी झाडून घ्या. दाण्यामागे उंदीर येतो आणि उंदरामागे साप.

उभारणीचा हिशोब असा:

जोत्याचे चिरे, ४५ नग, ४५ रुपये दरानं: २,०२५
सिमेंट आणि वाळू: ८००
छपराचे पत्रे, आठ फुटी, चार नग, ८०० रुपये दरानं: ३,२००
अर्धा इंची जाळी, १४२ चौरस फूट, २० रुपये दरानं: २,८४०
बांबू आणि खांब: १,५००
वरचं जुनं जाळं: ४००
गवंडी आणि मदतनीस, तीन दिवस, दोघांचे मिळून रोज १,५००: ४,५००
दार, बिजागरी, कड्या, खिळे: १,०००
खाद्याची भांडी, पाण्याचं घमेलं, दोन डालगी: १,६००
एकूण: १७,८६५ रुपये

पैसे वाचवायचे असतील तर कुठे वाचवायचे? जुन्या घराची कौलं काढून पत्रे घातलेले दिसतात, त्यामुळे कौलं आणि वासे मागून मिळतात. पडक्या गोठ्याचे चिरे चालतात. कामाला घरचीच माणसं उभी राहिली तर मजुरीही वाचते. तिन्ही जमलं तर खर्च आठ हजारांच्या आसपास येतो. जाळी, कडी आणि जोत्याची उंची या तीन ठिकाणी मात्र काटकसर करू नका. मुंगूस एकदा आत शिरला की भूक असो-नसो, एका रात्रीत सगळा कळप मारून जातो.

बांधकाम वैशाखात उरकून घ्या. मेच्या शेवटच्या आठवड्यात सुरू केलेलं खुराडं पहिल्या सरीत ओलं होतं आणि मग दिवाळीपर्यंत नीट वाळत नाही.

खाद्य: दिवसाला एक किलो

लेअर कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते, बदक १७० ग्रॅमच्या घरात. सहा कोंबड्यांचे ६६० आणि दोन बदकांचे ३४० मिळून बरोबर एक किलो. महिन्याला तीस किलो. किलोला ३६ रुपये धरले तर १,०८० रुपये. गावठी कोंबडी दिवसभर उकिरडा उकरून आपलं पोट बऱ्यापैकी भरते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी लागेल. पिंजऱ्यातून आलेल्या लेअरला मात्र चरणं शिकायला कित्येक आठवडे लागतात, म्हणून पहिले तीन महिने पूर्ण खाद्य धरूनच चला.

दुकानात ‘लेअर मॅश’ मागा. त्यात अंड्याच्या कवचासाठी साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. हेच खाद्य नरांना आणि अंडी न देणाऱ्या पक्ष्यांना वर्षानुवर्षं दिलं तर त्यांच्या मूत्रपिंडावर ताण येतो. कळपात कोंबडे किंवा म्हाताऱ्या कोंबड्या असतील तर कमी कॅल्शियमचं ‘ग्रोअर’ खाद्य सगळ्यांना द्या आणि कुटलेल्या शिंपल्या वेगळ्या वाटीत ठेवा. जिला गरज असते ती बरोबर त्या वाटीकडे जाते. बदकाची पिल्लं सांभाळायला आली तर त्यांना नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त लागतं. ते कमी पडलं की पाय वाकतात. रोजच्या खाद्यात चिमूटभर यीस्ट मिसळलं की भागतं.

पन्नास किलोचं पोतं घेतलं तर किलोमागे दोन-चार रुपये सुटतात. आपल्या कळपाला ते पन्नास दिवस पुरेल. उन्हाळ्यात हा सौदा चांगला, पावसाळ्यात तोट्याचा. जुलैच्या दमट हवेत मक्याला बुरशी धरते आणि त्या बुरशीचं विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन, बदकाला कोंबडीपेक्षा कितीतरी लवकर मारतं. वाडीतल्या दोन-तीन घरांनी मिळून एक पोतं घ्या आणि वाटून घ्या. वास कुबट आला, गुठळी दिसली, की ते खाद्य कोणालाच घालायचं नाही. ‘कोंबडीच आहे, खाईल’ म्हणून खवट शेंगदाणे आणि बुरशी आलेली भाकरी टाकायची सवय घराघरांत असते. बदक असेल तर ती मोडावीच लागते.

कणी, कोंडा, भाजीची देठं, उरलेला ताजा भात हे सगळं वरखाऊ म्हणून चालतं. पण ते रोजच्या खाद्याच्या पाचव्या हिश्शाच्या पुढे जाऊ देऊ नका. खारवलेले मासे, लोणचं आणि कच्च्या बटाट्याची सालं नकोत.

पाणी आणि तूस: बदकाचा छुपा खर्च

बदक खाद्याचा घास घेतं, लगेच पाण्यात चोच घालतं, मान झटकतं आणि पुन्हा खाद्याकडे वळतं. एका जेवणात अशा वीसेक फेऱ्या होतात. दर फेरीला थोडं पाणी तुसावर सांडतं. त्याला तसं करू न देणंही चालत नाही: डोळे आणि नाकपुड्या धुण्याएवढं खोल पाणी मिळालं नाही तर डोळ्यांना चिकटा धरतो. उपाय एवढाच की पाणी रात्री खुराड्यात ठेवायचं नाही. ते बाहेर अंगणात, चिऱ्यांच्या तुकड्यांवर आणि जाळीच्या पाटावर ठेवायचं. पाणी नसेल तेव्हा खाद्यही नको, नाहीतर घास अडकतो.

बदकाला तळं लागतं ही समजूत खर्चिक आहे. पंधरा लिटरचं घमेलं दिवसातून दोनदा बदललं की दोन बदकांचं भागतं. म्हणजे रोज तीस लिटर. एवढा पाऊस पडूनही पोलादपूर तालुक्यातल्या कित्येक वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघावी लागते. तेव्हा हे तीस लिटर डोक्यावरून आणावे लागतील का, ते बदक घेण्याआधी ठरवा. घमेल्यातलं पाणी केळीला किंवा अळूला घाला. त्यात खत असतंच, वाया काही जात नाही.

खुराड्यात भाताचा तूस तीन-चार इंच. गिरणीवर तो स्वस्तात मिळतो. महिन्याला १२० रुपये धरले आहेत. तूस कधी बदलायचा याची खूण अशी: मूठभर उचलून आवळा. मूठ उघडल्यावर मोकळा सुटला तर ठीक. गोळा तसाच राहिला तर त्याच दिवशी काढा. ओल्या तुसातून कोंबड्यांना रक्ती हगवण लागते आणि बुरशी छातीत जाते. पावसाळ्यात बदकांच्या बाजूचा तूस आठवड्यातून दोनदा काढावा लागेल, म्हणून दोन पोती मेमध्येच कोरड्या जागी भरून ठेवा. काढलेला तूस दोन-तीन महिने कुजू दिला की परसातल्या वेलांना उत्तम. ताजा घातला तर मुळं जळतात.

भात लावणीनंतर वीस-पंचवीस दिवसांनी बदकं खाचरात सोडली तर ती तण आणि किडे खातात. भात निसवायला लागण्याआधी मात्र बाहेर काढा. ज्या खाचरात कीटकनाशक मारलं आहे तिथे अजिबात नको, शेजाऱ्याच्या खाचरातूनही पाणी उतरतं हे ध्यानात ठेवा.

औषधपाणी: लस एकट्यानं परवडत नाही

कोंबड्यांचा सर्वांत मोठा शत्रू मानमोडी, म्हणजे रानीखेत. मान पिळवटते, हिरवट हगवण लागते, पक्षी तोंड उघडून श्वास घेतो आणि दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं होतं. औषध नाही, फक्त लस आहे. पिल्लांना लासोटा, मोठ्यांना आर टू बी. कुठली आणि कधी ते पशुवैद्यकच ठरवतील. आजारी किंवा कालच आलेल्या पक्ष्याला लस देत नाहीत.

अडचण वेगळीच आहे. लसीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची येते, बर्फात आणावी लागते आणि एकदा पाण्यात मिसळली की तास-दोन तासांत संपवावी लागते. आठ पक्ष्यांसाठी बाटली फोडली तर नव्वदावर मात्रा मातीत जातात. म्हणून लस ही वाडीनं मिळून करायची गोष्ट आहे. पोलादपूरच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून एक दिवस ठरवा, घराघरांतल्या कोंबड्या आदल्या रात्री कोंडून ठेवायला सांगा आणि पहाटेच उरकून टाका. शेजाऱ्याच्या कोंबड्या लसीविना राहिल्या तर तुमचाही कळप सुरक्षित राहत नाही, तेव्हा त्यांची लस ही तुमच्याच खर्चातली बचत समजा.

जंताचं औषध वर्षातून दोन-तीनदा, डॉक्टरांच्या मापानं. उवा आणि पिसवांसाठी चुलीची राख आणि कोरडी माती भरलेली जुनी पाटी छपराखाली ठेवा. कोंबड्या स्वतःच त्यात लोळतात. दुकानदारानं दिलेली अँटिबायोटिकची पुडी पाण्यात कालवायची घाई नको. कोलिस्टिन हे औषध तर अन्नासाठीच्या जनावरांत वापरायला २०१९ पासून बंदीच आहे. कोणतंही औषध चालू असताना आणि नंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, हे डॉक्टरांना विचारून भिंतीवर लिहून ठेवा.

घरी डॉक्टर हवे असतील तर पशुधनासाठीचा १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. औषध, लस आणि अडीअडचणीसाठी महिन्याला २०० रुपये वेगळे काढत चला. लागले नाहीत तर साठू द्या. लेअर कोंबडीच्या एका दुखण्याला तेच उपयोगी पडतात.

बर्ड फ्लू आला तर

देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला आढळला. जानेवारी २०२५ मध्ये तो आपल्याच रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यातल्या चिरनेरला आला. नियम असा की बाधित जागेपासून एक किलोमीटरच्या आतले सगळे पाळीव पक्षी नष्ट केले जातात. परसातले आणि वाचवलेले पक्षीही त्यात येतात. पथकानं मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांची मिळत नाही. म्हणून कळवण्यात उशीर करणं सगळ्या बाजूंनी महागात पडतं.

मिश्र कळपात एक जोखीम जास्त असते. बदकाच्या अंगात विषाणू असूनही ते निरोगी दिसू शकतं आणि शेजारची कोंबडी त्याच्यामुळे मरते. रानातल्या पाणथळीवर बदकं सोडू नका, खाद्य उघड्यावर ठेवू नका. एकाच वेळी दोन-तीन पक्षी अचानक मेले तर हात लावू नका, कापून बघू नका, वहाळात तर मुळीच टाकू नका, दवाखान्याला कळवा. नमुना तपासायचा तर पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाची प्रयोगशाळा आहे, पण तो पाठवायचं काम दवाखान्याचं. एखादा पक्षी साध्या कारणानं गेला तर तीन फूट खड्डा, वर चुना आणि माती.

महिन्याचा आणि वर्षाचा आकडा

खाद्य: १,०८०
तूस: १२०
शिंपल्या: ३०
औषध आणि लस: २००
दुरुस्ती आणि जाळी: १५०
महिन्याला: १,५८० रुपये. वर्षाला: १८,९६०.

म्हणजे एका पक्ष्यामागे महिन्याला जवळपास २०० रुपये. उभारणीचे १७,८६५ मिळवले तर पहिल्या वर्षी ३६,८२५. जुन्या सामानावर आणि घरच्या कामावर भागवलं तर साधारण २७ हजार.

अंड्यांचं काय? चार निवृत्त लेअर मिळून पहिल्या वर्षी ६०० अंडी देतील असं धरलं आणि अंड्याला ८ रुपये लावले, तर ४,८०० रुपये होतात. चालू खर्चाचा चौथा हिस्सा. बदकाची आणि गावठी अंडी आली तर ती वरकड. पुढच्या वर्षी हा आकडा खाली येईल, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. उत्पन्नासाठी कोंबड्या पाळायच्या असतील तर गिरिराज किंवा वनराजची पिल्लं घेऊन वेगळा हिशोब मांडा. त्यात काही वावगं नाही. दोन हिशोब एकत्र केले की दोन्ही बिघडतात, आणि मग गटारीच्या आदल्या दिवशी घरात वाद होतो.

तो वाद आधीच मिटवलेला बरा. गावात राखणीला कोंबडा लागतो, पाहुणे येतात, चाकरमानी गणपतीला येऊन परत जाताना ‘एक दे ना बांधून’ म्हणतात. हे पक्षी कापायचे नाहीत असं ठरलं असेल तर ते घरातल्या थोरांसमोर पहिल्याच दिवशी बोलून टाका. कोंबडे जास्त झाले तर ते कुणाकडे द्यायचे, तेही तेव्हाच ठरवा.

आणखी एक खर्च वहीत बसत नाही, तो माणसाचा. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, आणि दिवेलागणीला दार बंद करायला रोज कुणीतरी घरी हवं. मुंबईला दवाखान्यासाठी चार दिवस जायचं तर शेजारच्या काकूंना सांगावं लागेल. रोजची अंडी त्यांची आणि वर दिवसाला ५० रुपये, असा ठराव केला तर दोन्ही घरांत गोडी राहते. एकाच्या भरवशावर न राहता दुसरंही एक घर धरून ठेवा.

‘हो’ म्हणण्याआधी

कुणी पक्षी देऊ करतं तेव्हा एवढं विचारा. तो कुठून आला आणि लस झाली आहे का? नर की मादी? महिनाभर वेगळा ठेवायला कोरडी जागा आहे का? पक्ष्यामागे महिन्याला २०० रुपये तीन वर्षं, बदक असेल तर आठ-दहा वर्षं, निघतील का? मे महिन्यात पाणी कोण आणणार?

यातल्या एकाचंही उत्तर अडलं तर कमी पक्षी घ्या. एकटा पक्षी कुढतो, म्हणून निदान दोन हवेत, पण आठच हवेत असं कुठे आहे? तीन कोंबड्यांना खाद्य महिन्याला दहा किलो लागतं, खुराडं निम्म्यानं लहान होतं आणि पाण्याचा प्रश्न जवळजवळ उरतच नाही. पहिला पावसाळा तीन कोंबड्यांवर काढा. दिवाळीला खुराड्यातला तूस मुठीत मोकळा सुटत असेल आणि वहीतला आकडा झेपत असेल, तर मग बदकांचा विचार करा.